‘आणि ते जमलं नाही तर?’

कोकणातल्या सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहासाठी, मृत्युपत्रात काही ठेवावं की नाही, हा वाद बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत आता उघडपणे होतो. चित्र साधारण ठरलेलं असतं. ठाण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, पोस्टात नि बँकेत मिळून थोड्याफार ठेवी, अलिबाग नाहीतर पेण तालुक्यात वडिलोपार्जित आठ-दहा गुंठे, आणि मुलं इस्रायलमध्ये लोदला किंवा अश्दोदला जाऊन कधीच स्थिरावलेली. पंचाहत्तरीतल्या माणसाला मग दोन कानांत दोन सल्ले मिळतात. एक पक्ष म्हणतो, शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेला, जिथं दहा माणसं जमत नाहीत तिथं पैसा ठेवणं म्हणजे भिंतींना वारस करणं. दुसरा पक्ष गहिवरून विचारतो, पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवून उभी केलेली वास्तू आपल्या देखत पडू द्यायची का? दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर फक्त इमारत असते. एकाला ती रिकामी दिसते, दुसऱ्याला पवित्र. देणगीच्या कागदावर नेमकं काय लिहायचं, हे मात्र कुणीच बोलत नाही, आणि या देणग्या फसतात त्या तिथंच.

म्हणून आधीच सांगून टाकतो. द्यावं. पण इमारतीच्या नावानं न देता तिथं चालणाऱ्या कामाच्या नावानं द्यावं, त्याला मुदत घालावी, आणि देणगीच्या कलमातलं सगळ्यात मोठं वाक्य ‘आणि ते जमलं नाही तर’ या शब्दांनी सुरू व्हावं. हे वाक्य ज्या मृत्युपत्रात नाही, ते कितीही उदार असलं तरी पुढच्या पिढीच्या गळ्यात कोर्टकज्जा बांधून जातं.

विरोधकांचा पहिला मुद्दा खरा आहे. सार्वजनिक प्रार्थनेला मिन्यान लागतो, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. ते नसले तर तोराचं, म्हणजे मूळ धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं, जाहीर वाचन होत नाही, मृतांसाठीची कद्दीश ही प्रार्थना म्हणता येत नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज सबंध भारतातले सगळे ज्यू मिळून जेमतेम चार-पाच हजार भरतात, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ १८४८चं, रेवदंड्याचं बेथ एल १८४२चं, पनवेलचं बेथ एल १८४९चं. ही सिनेगॉग बांधली गेली तेव्हा आसपासच्या गावागावांत घाणे होते आणि शनिवारी ते बंद असत, म्हणून तर ‘शनिवार तेली’ हे नाव पडलं. ती वस्ती आता परत येणार नाही. देणगीनं माणसं जन्माला येत नाहीत. पारशी समाजाकडे पाहा: न्यास, बागा, वसतिगृहं, इस्पितळं, कशाचीच वानवा नाही, तरी २०११च्या जनगणनेत आकडा ५७,२६४वर आला. पैशानं समाज वाढतो असं ज्याला वाटतं त्यानं हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

पण यावरून ‘मग देऊच नये’ हा निष्कर्ष कसा निघतो? मिन्यान नाही म्हणजे काम नाही, हे गृहीतच चुकीचं आहे. उलट माणसं कमी झाली की दरडोई काम वाढतं. पूर्वी दहा माणसं गावातच होती, फुकट जमत होती. आता रोश हशाना (नववर्ष), योम किप्पूरला (प्रायश्चित्ताचा उपास) मुंबई-ठाण्याहून माणसं आणायची तर गाडी लागते, रात्रीची सोय लागते, प्रार्थना चालवणारा हझान लागतो. बेने इस्रायलांत पूर्वापार रब्बी नव्हतेच. सगळं हझानवर चालत आलं. तो हझान आता अर्धवेळ तरी पगारी असावा लागतो, कारण हौसेनं करणारी पिढी संपत आली. एका सणाला दहा माणसं जमवण्याचा खर्च हा प्रार्थनेचाच खर्च आहे, आणि कोणत्याही संगमरवरी पाटीवर तो कधी कोरलेला दिसत नाही.

पाट्यांचं निघालंच आहे तर एक गोष्ट बोलून टाकू. पंख्याच्या पात्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवण्याची हौस देवळात, मशिदीत नि सिनेगॉगमध्ये सारखीच. पंखा देणारे पुष्कळ भेटतात. विजेचं बिल देणारा शोधावा लागतो.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. देवस्थानांच्या सनदा पाहिल्या तर इनाम बहुधा ‘दिवाबत्तीसाठी’, ‘नैवेद्यासाठी’ असं कामाचं नाव घेऊन दिलेलं असतं. देवळाला भरघोस द्यावं म्हणून दिलंय असं नाही. दिवा लागला पाहिजे म्हणून दिलंय. आणि त्यातही एक धडा आहे. ज्यांना जमीन मिळाली त्यांचं उत्पन्न बाजारभावांबरोबर वाढत गेलं. ज्यांना रोख वर्षासन बांधून दिलं त्यांच्या हाती शंभर-दीडशे वर्षांनी चहापाण्यापुरतेही पैसे उरले नाहीत. रोख आकडा कायमचा ठरवून ठेवणं हा दिवा हळूहळू विझवण्याचा खात्रीचा उपाय आहे.

हेच गणित आजच्या रकमेवर मांडून बघू. समजा कुणी २५ लाख ठेवले आणि लिहिलं, ‘मुद्दलाला हात न लावता व्याज खर्चावं.’ न्यासाचा पैसा कुठं गुंतवायचा याला कायद्यानं मर्यादा आहेत, त्यामुळे छोटे न्यास तो मुदत ठेवीतच ठेवतात. ७ टक्के धरले तर वर्षाला १ लाख ७५ हजार, महिन्याला साडेचौदा हजार. आज त्यात अर्धवेळ हझान आणि दिवाबत्ती निभेल. महागाई साडेपाच टक्के धरली, तर वीस वर्षांनी त्याच साडेचौदा हजारांची किंमत आजच्या पाच हजारांएवढी होते. मुद्दल कागदावर शाबूत, काम बंद. आता दुसरी रीत बघा. तेच २५ लाख, तेच ७ टक्के, पण पंधरा वर्षांत मुद्दलासकट संपवायचे असं लिहिलं. तर पहिल्या वर्षी महिन्याला १६ हजारांहून थोडे जास्तच खर्चता येतात, आणि तो आकडा दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी वाढवत नेता येतो. सुरुवातही मोठी, आणि पंधराव्या वर्षीही हझानच्या पगाराची किंमत तीच. ‘मुद्दलाला हात लावू नये’ या वाक्यात जे पावित्र्य वाटतं, ते बरंचसं आपल्या मनातलं आहे. पंधरा वर्षांनी अलिबागला कोण असेल हे आज कुणालाच ठाऊक नसताना शंभर वर्षांची तजवीज करण्यात शहाणपण कोणतं?

यावर दुसरा पक्ष दुखावतो. कायमची ठेव नाही म्हणजे आपण सिनेगॉगच्या मरणाची तारीखच लिहून दिली, असं त्यांना वाटतं. त्यांनी मुंबईच्या पहिल्या सिनेगॉगचा इतिहास आठवावा. सामाजी, म्हणजेच सॅम्युअल, हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६मध्ये मांडवीला शाआर हारहामीम उभारलं. जवळच्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे नाव त्यांचंच. बेने इस्रायल त्या काळी सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. आज लोक ‘१७९६ची वास्तू’ बघायला जातात आणि बघून येतात ती १८६०मध्ये जागा बदलून बांधलेली. मूळ इमारत चौसष्ट वर्षं पुरली. मंडळी पुरून उरली. दिवेकरांनी ‘याच जागी, याच भिंतींत, कायम’ अशी अट घालून ठेवली असती, तर १८६०च्या लोकांचे हात बांधले गेले असते.

शिवाय ज्यू धर्मशास्त्राला ही अडचण अठराशे वर्षांपूर्वीच दिसली होती. मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहातल्या मगिल्ला या भागात सिनेगॉग विकण्याचा नियम स्वच्छ दिलेला आहे. गावानं चौक विकला तर त्या पैशातून सिनेगॉग घ्यावं. सिनेगॉग विकलं तर तोराची पेटी घ्यावी. पेटी विकली तर गुंडाळ्यांची वस्त्रं. वस्त्रं विकली तर पवित्र ग्रंथ. ग्रंथ विकले तर तोरा. तोरा विकून ग्रंथ मात्र घ्यायचे नाहीत. पैसा वरच्या पायरीकडे जाऊ शकतो, खाली उतरत नाही. या उतरंडीत इमारतीची जागा बघा: चौकाच्या लगेच पुढची, जवळजवळ तळाची. ज्यांना वास्तूच्या भिंतीच पवित्र वाटतात त्यांच्या हे पचनी पडणार नाही, पण शास्त्र असं आहे. त्याच प्रकरणात पुढं म्हटलंय की पडक्या सिनेगॉगात गवत उगवलं तर ते उपटू नये, बघणाऱ्याच्या जिवाला लागावं म्हणून. भावनेला तिथं जागा आहेच. फक्त तिच्या नावानं पैशाचा नियम मोडलेला नाही.

आता वारसांचा मुद्दा. माझ्या मते विरोधकांच्या हातातलं हे सगळ्यात वजनदार हत्यार आहे, आणि ते बहुतेकदा हत्यार म्हणून वापरलंच जात नाही, नुसतं ‘मुलांचं काय?’ असं पुटपुटलं जातं. मिश्नाच्याच बावा बात्रा या भागात स्पष्ट म्हटलंय की ज्यानं मुलांना डावलून मालमत्ता परक्यांना लिहून दिली, त्याचं लिहिणं कायद्यानं टिकतं, पण ज्ञानी लोकांचं मन त्याच्यावर प्रसन्न नसतं. याहून कडक इशारा कोणता हवा? तेव्हा सगळं सिनेगॉगला लिहून मोकळं व्हावं असं मी म्हणत नाही, आणि कुणी तसं सुचवत असेल तर त्याचं ऐकू नये. पण मिश्नावरच्या चर्चेचा जो ग्रंथ, त्या तल्मूदात मार उक्वा या धर्मपंडिताची हकिगत आहे. जिवंतपणी माणसानं आपल्या संपत्तीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त दान करू नये असा उशा गावच्या सभेचा नियम होता, उगाच दान करून स्वतःच भिकेला लागू नये म्हणून. मार उक्वानं मरताना दानधर्माचा हिशेब मागवला, शिदोरी थोडी आणि वाट लांब असं म्हणाला, आणि अर्धी संपत्ती देऊन टाकली. हे कसं चाललं? तर मेल्यावर गरीब होण्याची भीती नसते, म्हणून. या दोन टोकांच्या मध्ये बसणारा आकडा, दहावा हिस्सा किंवा फार तर पाचवा, हा मुलांनाही खुपत नाही आणि शास्त्रालाही.

‘मग मुलांनाच सगळं देऊ, आणि त्यातलं थोडं सिनेगॉगला द्या असं सांगून ठेवू’ हा समंजस वाटणारा तोडगा घरोघरी निघतो. इथंच पाय घसरतो. मुलं इस्रायलची नागरिक आहेत. त्यांनी स्वतःच्या वाट्यातून सिनेगॉगच्या न्यासाला दिलेला पैसा हा परकीय नागरिकानं दिलेला पैसा ठरतो. तो रुपयांत असो, भारतातल्याच बँक खात्यातून दिलेला असो, हातात परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड असो, फरक पडत नाही. तो घ्यायचा तर न्यासाकडे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी हवी. त्या नोंदणीसाठी न्यास किमान तीन वर्षं चालू असायला हवा आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत त्यानं आपल्या कामावर १५ लाख खर्च केलेले असायला हवेत. नोंदणी झाली तरी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. वर्षाकाठी दिवाबत्ती आणि रंगरंगोटी करणारा कोकणातला न्यास तीन वर्षांत १५ लाख खर्च करतो कुठं? एकेका देणगीपुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण तो मार्गही कागदपत्रांचा आहे. याउलट, भारतीय नागरिक असलेल्या बापानं स्वतःच्या मृत्युपत्रात तीच रक्कम थेट न्यासाला लिहिली, तर ती भारतीयाचीच देणगी. एका ओळीचा फरक. ‘मुलं देतील’ म्हणणाऱ्यांच्या मुलांची दानत खोटी नसते. त्यांना देता येत नाही.

तिसरा आक्षेप असा, की वारसा जपणं हे सरकारचं नि कंपन्यांचं काम, निवृत्त क्लार्कच्या ठेवीचं नव्हे. उदाहरण तयारच असतं: फोर्टातलं निळं केनेसेथ एलियाहू, ससून घराण्यानं १८८४मध्ये बांधलेलं, मोठ्या उद्योगसमूहाच्या आणि संवर्धन संस्थांच्या मदतीनं २०१९मध्ये झळझळीत झालं. झालं, छानच झालं. पण ते काळा घोड्याला आहे. तसा पैसा रेवदंड्याला फिरकत नाही, आणि फिरकला तरी एकदाच येतो: छप्पर, रंग, उद्घाटन. कोकणात छपराचं दुखणं दरवर्षीचं. मे महिन्यात कौलं चाळली नाहीत तर जुलैत पाणी जांभ्याच्या भिंतीत मुरतं, तिथून हेखालच्या, म्हणजे तोराच्या पेटीच्या, सागवानी पाठीला वाळवी लागते, आणि आतल्या चर्मपत्राच्या गुंडाळीला दमट हवेनं बुरशी धरते. सेफर तोरात, म्हणजे त्या हस्तलिखित गुंडाळीत, तीन लाखांवर अक्षरं असतात. एका अक्षराची शाई उडाली तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. ती तपासणारा सोफेर, म्हणजे तोरा लिहिणारा लेखनिक, कोकणात मिळत नाही, त्याला आणावं लागतं. कौलं चाळायला लागणारे काही हजार रुपये वेळेवर असले तर हे सगळं टळतं. कंपनीच्या पैशाला हे काम दिसतही नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

आणि सरकारनं हातात घेतलं की काय होतं ते केरळात पाहता येतं. चेंदमंगलम आणि परवूरची सिनेगॉग सरकारनं फार निगुतीनं दुरुस्त केली. आज ती संग्रहालयं आहेत. संग्रहालय वाईट नाही; कोचीचे ज्यू १९५०च्या दशकात जवळपास सगळेच इस्रायलला गेले, तिथं याहून वेगळं काय होणार होतं? कोकणात मात्र अजून माणसं आहेत, सणाला येतात, मलिद्याचा विधी करतात, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं नाव घेतात. जिथं जीव शिल्लक आहे तिथं तिकीटघर लावायची घाई कशाला?

चौथ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. न्यासांचा कारभार. जमिनींचे भाव अलिबागकडे कुठल्या कुठं गेले आहेत, विश्वस्त म्हातारे आहेत किंवा परदेशी गेलेत, सातबाऱ्यावर पन्नास वर्षांपूर्वीची नावं आहेत, आणि धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करायचे बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कळवायचं असतं. ते झालं नाही तर नोंदवहीत मेलेली माणसंच विश्वस्त राहतात आणि जिवंत माणसाची सही बँक मानत नाही. अशा न्यासाला रक्कम देणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. पण याचा उपाय देणगी न देणं हा आहे का? की मृत्युपत्रातच लगाम घालणं? एकरकमी देऊ नये. पाच हप्त्यांत द्यावं, आणि प्रत्येक हप्ता आदल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल दाखवल्यावर. हप्त्यांची रखवाली एक्झिक्युटरकडे, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याकडे, आणि एक्झिक्युटर भारतात राहणारा, शक्यतो वयानं बराच लहान. ही अट वाचून न्यास बदल अर्ज भरायला धावतो. देणगीचा सगळ्यात मोठा फायदा कधीकधी रकमेआधीच मिळतो तो असा.

मृत्युपत्राच्या कागदाविषयी थोडं तपशिलात, कारण ज्यूंना लागू होणारे काही नियम शेजारच्या हिंदू वकिलाच्या सवयीत बसत नाहीत. ज्यूंचं मृत्युपत्र १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली येतं. त्यातलं ११८ कलम असं होतं, की ज्याला पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक आहे, त्यानं धर्मादाय देणगीचं मृत्युपत्र मरणाआधी किमान बारा महिने करायला हवं आणि सहा महिन्यांत सरकारी जागी जमा करायला हवं. २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या अर्जावर ते घटनाबाह्य ठरवलं. जुनी माणसं अजून त्याच भीतीनं म्हणतात, ‘आता काय, उशीर झाला.’ झालेला नाही. पण दोन कलमं जिवंत आहेत आणि दोन्ही हिंदूंना लागू नाहीत. मृत्युपत्राला साक्षीदार दोन लागतात. त्यातल्या कुणाला, किंवा त्याच्या नवरा-बायकोला, मृत्युपत्रात काही दिलं असेल तर तेवढं दान रद्द होतं. हझानला कृतज्ञता म्हणून ५० हजार ठेवले आणि त्यालाच साक्षीला बोलावलं, तर त्याचे पैसे गेले. दुसरं, लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. साठीनंतर सोबतीसाठी लग्न करणारे असतात. त्यांनी लग्नानंतर कागद नव्यानं करायला हवा. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही, तरी नोंदवलेलं बरं.

नावाची चूक सर्रास होते. ‘अलिबागचं सिनेगॉग’ नावाची कोणतीही कायदेशीर व्यक्ती नाही. न्यासाचं नोंदणीतलं नाव आणि क्रमांक धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल वनच्या उताऱ्यावरून जसाच्या तसा उतरवायचा. आणि फ्लॅट किंवा जमीन तशीच न्यासाला देण्याचा मोह टाळायचा. एकदा ती न्यासाची झाली की विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तीन वर्षांहून जास्त मुदतीनं घर भाड्यानं द्यायलासुद्धा. मूल्यांकन, जाहिरात, हरकती, तारखा, आणि तोवर सोसायटीचं मेंटेनन्स कुणी भरायचं? त्यापेक्षा एक्झिक्युटरनं विकावं आणि ठरलेला हिस्सा रोख द्यावा असं लिहिलं, की हा सगळा फेरा वाचतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून भलत्याचं नाव असेल तर तेही जुळवून घ्यावं. नॉमिनी मालक नसतो, पण भांडायला तेवढं पुरतं.

आता ते वाक्य. समजा असं लिहिलं: ‘माझ्या मिळकतीचा दहावा हिस्सा अमुक न्यासाला, हझानचं मानधन, सणांना मिन्यान जमवण्याचा प्रवासखर्च आणि पावसाळ्यापूर्वीची डागडुजी यांसाठी, पाच हप्त्यांत, सगळी रक्कम पंधरा वर्षांत खर्चावी. आणि ते जमलं नाही तर, म्हणजे सलग दोन वर्षं तिथं योम किप्पूरची प्रार्थना झाली नाही तर, उरलेली रक्कम ठाणे किंवा मुंबईतल्या चालू सिनेगॉगला, तिथं तोराच्या गुंडाळ्या हलवून दुरुस्त करण्यासाठी. तेही जमलं नाही तर, जन्म, लग्न नि दफनाच्या वह्या आणि मराठी-हिब्रू छापील ग्रंथ यांचं जतन नि छायाचित्रण करण्यासाठी.’ तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीला मोजता येणारी कसोटी. ‘मंडळी लयाला गेल्यास’ असं मोघम लिहिलं तर लयाला गेली की नाही यावरच दावा लागतो. कायद्यात याला वाट आहे. हेतू अशक्य झाला तर न्यायालय मूळ हेतूच्या जवळचा हेतू ठरवून देतं. पण ते न्यायाधीश ठरवणार, आपल्या बापाची इच्छा काय असावी याचा अंदाज करून. बापाला स्वतः लिहिता येत होतं.

पायऱ्या लिहून ठेवल्या नाहीत तरी काळ त्या उतरायला लावतोच, हेही खरं. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५मध्ये बेने इस्रायल मुलांसाठी काढलेली शाळा पुढं एली कदूरींच्या देणगीमुळे त्यांच्या नावानं माझगावात चालू राहिली. आज तिथं ज्यू मुलं अपवादानंच. कोलकात्याच्या ज्यू मुलींच्या शाळेत आता बहुसंख्य मुली मुस्लिम आहेत. कुणी याला ऱ्हास म्हणेल. मला तर या देणग्या उत्तम वठलेल्या वाटतात, कारण त्या शिकवण्यासाठी दिल्या होत्या आणि शिकवणं चालू आहे. वह्या आणि ग्रंथांची पायरीही म्हणूनच कमी समजू नये. वल्हांडणाच्या सणात सीडरच्या रात्री वाचायचा हगादा हा ग्रंथ मुंबईत १८४६मध्ये मराठी भाषांतरासह छापला गेला, पुण्यात १८७४मध्ये साडी नेसलेल्या बायकांच्या चित्रांसह. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायल कीर्तनकार अब्राहाम-योसेफाची आख्यानं मराठीत लावत होते. हे कागद इस्रायलमधल्या नातवंडांना वाचता येणार नाहीत कदाचित, आपल्याला येतात.

एकच गोष्ट या सगळ्या हिशेबाबाहेरची आहे. दफनभूमी. सिनेगॉग विकता येतं, गुंडाळी हलवता येते, वही जपता येते. कबर जागची हलत नाही. हिब्रूत दफनभूमीला ‘बेथ ओलाम’ म्हणतात, कायमचं घर. कायम हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथं वापरावा. पंधरा वर्षांची मुदत इथं लागू करू नये. हिच्यासाठी रक्कम वेगळी काढावी, मुद्दल राखून, आणि महागाईशी टिकावं म्हणून व्याजाचे पाचातले चार हिस्से तरी दरवर्षी परत मुद्दलात घालावेत. खर्च मोठा नाही. वर्षातून दोनदा गवत काढणं, एकदा पाऊस सरल्यावर आणि एकदा होळीच्या आधी वणव्याच्या भीतीनं. देवनागरीत कोरलेली नावं शेवाळानं भरतात ती मऊ ब्रशनं नुसत्या पाण्यानं धुणं, ॲसिड अजिबात नाही. आणि सगळ्यात आधी, पहिल्याच वर्षी, भूमी अभिलेखाकडे अर्ज करून सरकारी मोजणी. नवगावला किनाऱ्याजवळ, जिथं जहाज फुटून सात जोडपी वाचली असं परंपरा सांगते, तिथल्यासारख्या जागांचे भाव आता एकराच्या हिशेबानं कुणी सांगत नाही, गुंठ्याच्या सांगतात. शेजारचं कुंपण दरवर्षी हातभर आत सरकतं. मोजणीदार आला की मोजणी नकाशाची क-प्रत घ्यायची, हद्दीचे दगड त्याच दिवशी पुरून घ्यायचे, आणि त्यांवर चुना मारायला कुणाला सांगायचं त्याचं नाव मृत्युपत्रात नाही तरी सोबतच्या चिठ्ठीत लिहून ठेवायचं.